तोडून पाहिलेला जोड

माझी धाकटी बहीण सौंसरास दिली आहे. बडोद्याहून तिकडे जाणे वर्षाकाठी एकदाच घडते, आणि दरवेळी येथील मंडळी विचारतात, "म्हणजे ते गोटमारीचे गाव का हो?" गोटमार पांढुर्ण्याची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जाम नदीच्या काठी. सौंसर त्याच्या शेजारचा तालुका. 2023 साली हे दोन्ही तालुके छिंदवाड्यातून निघून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेले. राज्य मध्य प्रदेश, बाजारपेठ नागपूर आणि घरातली बोली मराठी, असा सगळा तेथील संसार आहे. परंतु मला आज सांगावयाचे आहे ते गोटमारीविषयी नव्हे, माझ्या भाच्याने घराच्या पडवीत मांडलेल्या वेल्डिंगविषयी.

बहिणीची संत्र्याची बाग सातपुड्याच्या पायथ्याशी, गोट्यागोट्यांच्या उतारावर आहे. आंबिया बहाराची फळे दिवाळीच्या आसपास उतरतात. झाडांच्या ओळींतून ट्रॅक्टर नेला तर फांद्या मोडतात आणि मुळांवरची जमीन दडपते. डोक्यावरून क्रेट वाहावयास माणसे मिळत नाहीत. तेव्हा भाच्याच्या मनाने घेतले की, आपणच एक बुटकी, रुंद चाकांची, दगडधोंड्यांतून चालणारी गाडी करावी. मोडीतून मोटारसायकलचे इंजिन आणले, रिक्षाचा मागचा आस आणला, सांगाड्यासाठी पाइप घेतले आणि जोडणार कोण, या प्रश्नापाशी येऊन थांबला. मग त्याने वेल्डिंगचे मशीनच विकत घेतले. शिक्षक म्हणजे मोबाईलवरच्या चित्रफिती.

माझी पहिली भावना भीतीची होती, हे कबूल केले पाहिजे. आमचे घराणे तबल्याचे. वडील बडोद्याच्या दरबारी वादकांच्या अगदी शेवटच्या पिढीतले. 1949 साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते पोरसवदा होते, आणि मी त्यांना उतारवयात झालो. त्यांनी मला कधी करवत धरू दिली नाही, खिळा ठोकू दिला नाही. "बोटे गेली तर पोट गेले," एवढे म्हणून ते हातातले हत्यार काढून घेत. आमच्या घरात हातोडी एकच, तबला सुरात मिळविण्याची. ती मात्र दररोज चालायची. सौंसरच्या पडवीत भाचा जोडावरचे मळीचे कवच तसल्याच लहानशा हातोडीने टिपीत बसलेला दिसला, तेव्हा मला वडील आठवले आणि थोडे हसूही आले.

या विद्येत चुकीचे फळ ताबडतोब मिळत नाही. काळ्या काचेशिवाय ठिणगीकडे क्षणभर पाहिले तर त्या वेळी काही होत नाही. सहा-आठ तासांनी, मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग सुरू होते. एकदा भाच्याने सरावासाठी पाण्याचा जुना जस्ती पाइप घेतला. जस्ताच्या धुराने रात्री हुडहुडी भरून ताप चढला आणि बहिणीने मलेरिया समजून घर डोक्यावर घेतले. आता तो असल्या पाइपाला हात लावीत नाही, आणि मशीन पडवीच्या अगदी उघड्या कडेला नेऊन ठेवले आहे.

परंतु याहून वाईट चूक ती, जी दिसतच नाही. पुढच्या चाकाची पट्टी त्याने जोडली तो जोड मी पाहिला होता. मोगऱ्याच्या गजऱ्यासारखा एकसारखा, देखणा. रिकामी गाडी बांधावरून ढकलली तर तो जोड काडीसारखा तुटला. तुटलेल्या जागी पाइपाचा काठ जसाच्या तसा, करवतीने कापलेल्या खुणांसकट चकचकीत होता! म्हणजे वितळलेली सळी त्यावर नुसती बसली होती, आत शिरलीच नव्हती. कारण पुढे कळले. तो काम संध्याकाळी करी, आणि त्याच वेळी आसपासच्या मळ्यांतले पंप चालू असत. विजेचा दाब उतरे. अडीच मिलिमीटरच्या सळीला सत्तर-ऐंशी अँपियर तरी प्रवाह हवा, तेवढा मिळत नसे. लोखंड वितळावयास सुमारे 1500 अंश उष्णता लागते. ती सळीच्या टोकाशी होती, पाइपाच्या अंगात नव्हती.

गाण्याच्या शिकवणीत असे विद्यार्थी मला नेहमी भेटतात. बोल स्वच्छ, हात देखणा, आणि लयीचा पत्ता नाही. पण त्याने होते काय? फार तर मैफल पडते. येथे जोडावर माणूस बसावयाचा असतो.

पट्टी तुटल्यावर भाच्याने चित्रफिती बंद केल्या नाहीत, पण त्यांबरोबर आणखी एक गोष्ट शोधली. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची "बाजा" नावाची स्पर्धा आहे. एका माणसाची, खाचखळग्यांतून धावणारी गाडी विद्यार्थ्यांनी स्वतः बांधून आणावयाची. आपल्या देशात ती 2007 साली इंदूरजवळच्या पीथमपूरला सुरू झाली. तिच्या नियमांत असे आहे की, सांगाडा जोडणाऱ्याने तशाच पाइपाचे दोन नमुनेही जोडून आणावेत. एक नमुना मोडून दाखवावयाचा, आणि मोडताना जोड शाबूत राहून पाइप फाटला पाहिजे. दुसरा लांबीतून कापून आत धातू किती खोल मुरला ते दाखवावयाचे. हा नियम मला इतका आवडला की, परीक्षक म्हणून मी बसतो त्या संगीत परीक्षांत असे काही करता येईल का, याचा मी बराच वेळ विचार केला. सुचले काही नाही. भाचा मात्र आता रोज दोन जोड करतो. एक शेगड्यात धरून घणाने मोडतो, एक करवतीने कापतो. परवा मी कौतुकाने गाडीत बसावयास निघालो तर ओरडला, "बसू नका जी मामा, तो जोड अजून तोडून नाई पायला!"

आणि एक माणूस त्याला भेटला. नागपूरच्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधणारे एक वयस्क मिस्त्री आहेत. त्यांनी येऊन अर्धा तास नुसते ऐकले. आकडे सांगितले नाहीत. म्हणाले, "कढईत भजे तळल्यावानी आवाज आला पायजे, एकसारखा. फडफड झाली का समज, हात वर गेला." सळीचे टोक लोखंडापासून दूर गेले की ज्योत लांबते, आवाज फाटतो आणि जोडात छिद्रे राहतात. मी डोळे मिटून बसलो आणि तिसऱ्या सळीपासून हात कधी उचलला ते मला पाठमोऱ्यानेही सांगता येऊ लागले. महिनाभर चित्रफिती पाहून जे कळले नाही, ते या एका वाक्याने कळले. कारण चित्रफितीला आपला आवाज ऐकू येत नाही.

येथे मला थोडे कडू बोलावयाचे आहे. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून लहानशी जीप बांधली, तिची हकीकत 2021च्या डिसेंबरात देशभर गाजली. आनंद महिंद्रा यांनी, ती गाडी नियमांत बसत नाही हे सांगूनच, तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि पुढच्याच महिन्यात दिलीही. फार चांगले झाले. परंतु त्या वेळी जो तो "अशिक्षित माणसाची कमाल" म्हणून टाळ्या पिटीत होता, ते मला खटकले. तो माणूस धंद्याने लोहार आहे. भात्यापाशी आयुष्य घालविलेल्या हाताला अशिक्षित कसे म्हणावे? त्याचे शिक्षण आपल्या शाळेत झाले नाही, एवढेच. त्या टाळ्या ऐकून घरोघरची पोरे मशीन विकत घेतात आणि त्यांना वाटते, हिंमत असली की पुरे. बक्षीस एकाला मिळते. बाकीच्यांना निदान मास्तर तरी मिळावा की नाही?

कायदा पोरांना अडवितो, आणि योग्यच करतो. अशी गाडी नोंदणीवाचून सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. भाच्याची गाडी बागेच्या कुंपणाबाहेर जाणार नाही, अशी बहिणीने त्याच्याकडून शपथ घेतली आहे. परंतु कुंपणाच्या आत मोडलेली मानही मानच असते.

सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वेल्डरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे, आठवी पास मुलाला प्रवेश मिळतो. भाचा एका ठिकाणी विचारून आला. "वर्षभर दिवसा यावे लागेल," असे उत्तर मिळाले. सत्तावीस वर्षांचा बागाईतदार वर्षभर बाग सोडून कसा जाईल? त्याला प्रमाणपत्र नको आहे. त्याला आठवड्यातून दोन संध्याकाळी एक टेबल, पुरेशा दाबाची वीज आणि "हात वर गेला" असे सांगणारा कान हवा आहे.

आमच्या शहरात 1886 साली सयाजीरावांनी मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली. तोवर ही विद्या मुलाला, जावयाला, फार तर सेवा करणाऱ्या शागिर्दाला मिळे. गायनशाळेत कोणीही येऊन बसू लागला. आमच्यासारख्या घराण्यांनी त्या वेळी नाके मुरडली असणार, आणि आज मी त्याच पद्धतीच्या शाळेत शिकवून पोट भरतो! चारच वर्षांनी, 1890 साली, त्याच महाराजांनी कलाभवन काढले, तेथे रंगविद्या आणि यंत्रकाम शिकवू लागले. गवई आणि कारागीर, दोघांचीही विद्या घरातून शाळेत आणावी, हे एकाच माणसाला चार वर्षांत सुचले. नव्या जिल्ह्यात नव्या कचेऱ्या उभ्या राहत आहेत. त्यांतल्या एखादीने त्या ट्रॉलीवाल्या मिस्त्रींना मानधन देऊन आठवड्यातून दोन संध्याकाळी बसविले, तर खर्च तो काय येणार?

निघण्याच्या आदल्या दिवशी मी भाच्याला विचारले, असा वर्ग निघाला तर येतील किती जण? तो पडवीच्या पायरीवर बसून सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंतची गावे आणि घरी मशीन असलेली पोरे बोटांवर मोजू लागला. अकरापर्यंत आला असेल, इतक्यात शेजारच्या मळ्यातले पंप बंद झाले, डोक्यावरचा दिवा उजळला, आणि तो मोजणे अर्धे टाकून काच डोळ्यांवर ओढीत मशीनकडे धावला.