मागच्या सीटवर बसून ठरवा

या आठवड्यात एकच तक्ता मला तीन ठिकाणांहून आला. घोडबंदर रोडवरच्या एका डॉक्टरांनी पाठवला, पलावातल्या एका जोडप्याने पाठवला आणि डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखानदारानेही. डावीकडे बीएमडब्ल्यू एक्स-1, उजवीकडे मर्सिडीज जीएलए. सगळ्यात वर ठळक अक्षरांत शून्य ते शंभरचा वेळ: 9.2 सेकंद आणि 8.9 सेकंद. खाली तिघांचाही सारखाच प्रश्न, ‘मग जीएलएच ना?’

मला या तक्त्याचा राग आला. संध्याकाळी साडेसहाला कापूरबावडीहून गायमुखाकडे निघालेल्या किंवा शिळफाट्याहून काटईच्या दिशेने रांगेत सरकणाऱ्या माणसाला हे तीन दशांश सेकंद कुठे वापरता येणार? एका बाजूला मेट्रोचे खांब, दुसऱ्या बाजूला कंटेनर. पन्नास लाखांच्या आसपासची गाडी घेणारा माणूस तिच्यात बहुतेक वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घालवणार असेल, तर तुलना तिथेच व्हायला हवी.

आणि तिथे हा सामना मागच्या सीटवर ठरतो. नियमित वाचकांना माझा हा हट्ट माहीत आहे, पण या जोडीइतका चांगला पुरावा मला आजवर मिळाला नव्हता. कागदावर जीएलएचा व्हीलबेस मोठा: 2729 मिलिमीटर, एक्स-1चा 2692. तक्ता वाचणारा म्हणेल, मागे जागा जीएलएमध्ये जास्त. प्रत्यक्ष बसा. जीएलएमध्ये पाय पसरायला जागा आहे, पण बैठक खाली आहे. गुडघे वर येतात, मांड्यांना आधार उरत नाही आणि तासाभरात कंबर बोलू लागते. एक्स-1चे छप्पर उंच आणि बैठकही उंच, खुर्चीवर बसल्यासारखी. सत्तरीच्या आईला आत बसताना वाकावे लागत नाही, उतरताना कुणाचा हात धरावा लागत नाही. एकूण लांबीतही एक्स-1 आठ-नऊ सेंटीमीटरने मोठी आहे, त्यामुळे पेट्रोल गाडीची डिकी 476 लिटरची. जीएलएची सव्वाचारशेच्या घरात. ठाणे-कल्याण पट्ट्यात ही गाडी घेणारी बहुतेक घरे तीन पिढ्यांची आहेत. गणपतीला गावी जाताना मागे आजी-आजोबा आणि नातू असणार, हे घेणाऱ्यालाही माहीत असते. तरी तो निवड मात्र स्टिअरिंगमागे बसून करतो.

जीएलएची बाजूही भक्कम आहे. तिचे 1.3 लिटरचे चार सिलिंडरी इंजिन, रेनोबरोबर मिळून विकसित केलेले, 163 अश्वशक्ती देते. एक्स-1च्या दीड लिटरच्या तीन सिलिंडरी इंजिनाची 136. सिग्नलवर उभे असताना जीएलए अधिक शांत वाटते. गिअरबॉक्स दोघींचे सात गिअरचे, दुहेरी क्लचचे. रांगत्या ट्रॅफिकमध्ये अशा गिअरबॉक्सला अर्धवट धरलेल्या क्लचवर गाडी इंच-इंच सरकवणे सोसत नाही, तो तापतो. पुढे थोडी जागा मोकळी होऊ द्या, मग निघा. हे दोन्ही गाड्यांना लागू आहे.

बटणांच्या बाबतीत मात्र मर्सिडीजला पूर्ण गुण. जीएलएमध्ये एसीची खरी बटणे आहेत, बोटाला सापडतात. बीएमडब्ल्यूने एक्स-1मधली फिरवायची खुंटीही काढली आणि तापमान, पंख्याचा वेग सगळे पडद्यात कोंबले. पत्री पुलावर दोन्ही बाजूंनी दुचाकी घुसत असताना पडद्यावर पंखा शोधणे धोक्याचे आहे. हे मी लिहीत आलो आहे आणि लिहीत राहीन.

जीएलए चाकणला जोडली जाते, एक्स-1 चेन्नईजवळ. मला चाकणच्या गाडीचे कौतुक आहे, पण त्यासाठी आईच्या कमरेवर भार टाकू नये. माझे मत एक्स-1ला.

खुद्द बीएमडब्ल्यूलाही मागच्या सीटचे महत्त्व कळलेले आहे. जानेवारी 2025मध्ये त्यांनी विजेवरच्या आयएक्स-1ची नवी आवृत्ती भारतात आणली, ती व्हीलबेस 2800 मिलिमीटरपर्यंत ताणून आणि 49 लाखांना. मधले दहा सेंटीमीटरहून अधिक सगळे मागच्या प्रवाशांच्या पायांना मिळाले. वर रांगेत तापायला क्लचच नाही. शिवाय पन्नास लाखांच्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात 13 टक्के म्हणजे साडेसहा लाख वाहन कर लागतो, डिझेलला 15 टक्के. विजेच्या गाडीला तो माफ आहे. एमआयडीसीतल्या मित्राने हेही लक्षात घ्यावे की पेट्रोल-डिझेल गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर कर 20 टक्क्यांवर जातो.

म्हणून तिघांनाही सांगतो, टेस्ट ड्राइव्ह सकाळी अकराला मोकळ्या महामार्गावर घेऊ नका. संध्याकाळची वेळ मागा, घरातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाला मागे बसवा आणि स्वतःही अर्धा तास मागे बसा. विजेची पसंत पडली, तर पार्किंगमध्ये चार्जर लावायची परवानगी सोसायटीकडून लेखी घ्या आणि मगच बुकिंगचे पैसे भरा.