तिसऱ्या सोमवारची मुदत

ब्रिटनच्या सैन्यात पूर्णवेळ सैनिकांच्या जोडीला राखीव सैनिकांची फळी असते. एरवी ही माणसे परिचारिका, ट्रकचालक, शिक्षक, बँकेतले कर्मचारी म्हणून आपापली नोकरी सांभाळतात. आठवड्यातली एखादी संध्याकाळ आणि महिन्यातला एखादा शनिवार-रविवार ती सरावाला देतात, वर्षातून एकदा पंधरवड्याच्या शिबिरालाही जातात. भूदलाच्या राखीव सैनिकाकडून वर्षाकाठी साधारण 27 दिवसांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा असते. युद्धमंत्री हॉल्डेन यांनी 1908 साली उभ्या केलेल्या टेरिटोरियल फोर्समधून पुढे टेरिटोरियल आर्मी झाली आणि 2014 पासून तिला आर्मी रिझर्व्ह म्हणतात. कोल्हापूरची मराठा लाइट इन्फन्ट्रीची प्रादेशिक सेनेची बटालियन ठाऊक असलेल्या वाचकाला ही रचना नवखी वाटणार नाही.

शांततेच्या काळात हे गाडे सुरळीत चालते. पाचारण आले की मात्र माणूस अनेक महिन्यांसाठी नोकरीवरून उठून जातो आणि परत आल्यावर त्याच्या खुर्चीवर कोण बसलेले असेल, याची खात्री राहत नाही. 2003 मध्ये इराकवरच्या स्वारीसाठी सुमारे 9,500 राखीव सैनिकांना बोलावले गेले, तेव्हा हा प्रश्न देशभरच्या कचेऱ्यांत आणि कारखान्यांत एकदमच येऊन ठेपला. पुढे अफगाणिस्तानात कॅम्प बॅस्टियनचे लष्करी रुग्णालय चालवायला राष्ट्रीय आरोग्य सेवेतले डॉक्टर आणि परिचारिका याच राखीव तुकड्यांतून जात. इकडे त्यांच्या रुग्णालयात त्यांच्या जागी दुसऱ्यांना ड्युटी लावावी लागे.

परतणाऱ्याचा आधार म्हणजे 1985 चा राखीव दलांच्या नोकरी-संरक्षणाचा कायदा. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्यांसाठी 1944 मध्ये असाच कायदा झाला होता. त्यातली बरीचशी चौकट इथे दिसते. लष्करी सेवा संपल्यावर तिसऱ्या सोमवारपर्यंत जुन्या मालकाला लेखी पत्र द्यायचे, की मी कामावर यायला तयार आहे. फोनवर कळवले किंवा साहेबांना कॅन्टीनमध्ये भेटून सांगितले, तर कायद्याच्या दृष्टीने ते पुरेसे नाही. पत्र मिळाल्यावर मालकाने त्याच कामावर, पूर्वीपेक्षा वाईट नसलेल्या अटींवर घ्यायचे. ते काम उरलेच नसेल, तर वाजवी आणि शक्य असेल असे दुसरे द्यायचे. ही जबाबदारी सेवा संपल्यापासून सहा महिने टिकते. घेतल्यावर किती दिवस ठेवायचे, हेही ठरलेले आहे: आधीच्या नोकरीच्या कालावधीनुसार किमान 13, 26 किंवा 52 आठवडे. तक्रार असेल तर पुनर्नियुक्ती समितीकडे दाद मागता येते. लष्करी सेवेचे बोलावणे येईल म्हणून कुणाला काढून टाकणे हा तर फौजदारी गुन्हाच आहे.

एवढे असूनही ही तरतूद कागदावर दिसते तितकी भक्कम नाही. मोहिमेवरून आलेला माणूस आधी नॉटिंगहॅमजवळच्या चिलवेलच्या केंद्रात जाई. तिथे वैद्यकीय तपासणी, सामानाची परतफेड, सह्या हे सगळे उरकून रजेवर घरी. त्या रजेत बायकामुलांत रमायचे की मुदतीच्या पत्राचा मसुदा करायचा? नोकरीत सलगता मानली जाते, पण सेवेचे महिने एकूण कालावधीत धरले जात नाहीत. त्याखेरीज दरम्यान बढत्या झालेल्या असतात, संगणकप्रणाली बदललेली असते, कारखान्याची एखादी शाखा बंद पडलेली असते. कामगारकपात सर्वांना सारखे निकष लावून केली, तर त्यात परतलेला सैनिकही जाऊ शकतो. 13 आठवडे भरल्यावर गोडीगुलाबीने निरोप देणाऱ्या मालकाला कायदा फारसा रोखू शकत नाही.

मालकांचीही बाजू आहे आणि ती उगीच नाही. आठ माणसांच्या वर्कशॉपमधून एक कसबी वेल्डर गेला, तर मोठ्या कंपनीसारखी बदली फौज तिथे नसते. त्यासाठीच 2014 च्या संरक्षण सुधारणा कायद्याने लहान आणि मध्यम मालकांना सेवेत असलेल्या प्रत्येक राखीव सैनिकामागे महिन्याला 500 पौंडांपर्यंत रक्कम द्यायची सोय केली. त्याच कायद्याने राखीव सैनिक असण्यावरून काढले गेल्यास दाद मागण्यासाठी दोन वर्षांच्या नोकरीची अट उठवली. ही सुधारणा मोलाची ठरली. स्वतःचा धंदा करणाऱ्यांना मात्र परत घेणारा मालकच नसतो. बुडालेल्या उत्पन्नाची काही भरपाई मिळते, पण दुसऱ्या प्लंबरकडे गेलेले गिऱ्हाईक सरकार परत आणू शकत नाही.

नोकरी टिकली तरी मन टिकेलच असे नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी 2006 मध्ये दाखवले, की इराकला गेलेल्या नियमित सैनिकांत मानसिक त्रास फारसा वाढला नव्हता, राखीव सैनिकांत मात्र तो वाढलेला दिसत होता. एक कारण उघड आहे: नियमित सैनिक छावणीत, ओळखीच्या माणसांत परततो, तर राखीव सैनिक सोमवारी सकाळी अशा कचेरीत पोहोचतो जिथे त्याला ‘सुट्टी कशी झाली?’ असे विचारले जाते. त्याच वर्षी चिलवेलला राखीव सैनिकांसाठी मानसिक आरोग्याची खास सेवा सुरू झाली.

मोठी उणीव आहे ती नव्या नोकरीच्या दारात. असलेली नोकरी वाचवायला कायदा आहे, नवी मिळवताना नाही. 2010 च्या समानता कायद्यात वंश, धर्म, वय, अपंगत्व अशी नऊ वैशिष्ट्ये संरक्षित आहेत. राखीव सैनिक असणे त्यात नाही. अर्जात लष्करी सेवेचा उल्लेख करावा की नाही, असा पेच त्यामुळे उमेदवाराला पडतो. वगळला तर वर्षभराचा खळगा दिसतो, लिहिला तर मालक हिशेब करतो, की हा पुन्हा जाणार. अमेरिकेने 1994 मध्येच लष्करी सेवेच्या कारणावरून नोकरी नाकारणे बेकायदेशीर ठरवले. ब्रिटनमध्ये सन्मानाची पदके आहेत. नोकरीबाबत सैनिकांना पाठिंबा देणाऱ्या मालकांना कांस्य, रौप्य, सुवर्ण असा दर्जाही मिळतो. पण मुलाखतीला बोलावणे आणि नेमणूक हा भाग तिथे अजून मालकाच्या भलेपणावर सोडलेला आहे, आणि लष्करी सेवेच्या कारणावरून नोकरी नाकारण्यास मनाई करणारे कलम संसदेने आणल्याशिवाय ती उणीव भरून निघणार नाही.