लिटरला किती, आणि टनाला किती?

बार्शी-सोलापूर रस्त्यावर, वैरागात चहाला थांबलेल्या ड्रायव्हरांचा हा वाद आपल्या कानावरून गेलेला असतो. "आमची जुनी सहा चाकी लिटरला पाच देते, तुमची नवी दहा चाकी चारच!" मग जुनीच बरी, असा निकाल लागतो. अब्बांच्या वेळची गाडी विकायची की ठेवायची, हे काही घरांत याच निकालावर ठरतं. म्हणून हिशेब मांडून पाहू.

समजा, सहा चाकीत ९ टन कांदा भरला. १०० किलोमीटरला २० लिटर डिझेल गेलं, म्हणजे टनामागे सव्वादोन लिटर. दहा चाकीला २५ लिटर लागलं, पण माल १८ टन. टनामागे दीड लिटरही नाही! जास्त डिझेल पिणारी गाडी स्वस्त पडली. २०१८ साली केंद्र सरकारने दहा चाकीची एकूण वजनमर्यादा २५ टनांवरून २८.५ टन केली.

इंजिनही बदललं आहे. जुन्या गाडीत डिझेल यांत्रिक पंपाने जातं. पंप आणि नोझल झिजले की काळा धूर निघतो, म्हणजे पैसेच जळतात. नव्या गाडीत सेन्सर सांगेल तेवढंच डिझेल मोठ्या दाबाने फवारलं जातं. मात्र १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ ट्रकला 'युरिया' वेगळा भरावा लागतो. ॲव्हरेज सांगताना तो खर्च कोणी धरत नाही. शिवाय बिघाड झाला की पाना-हातोडी चालत नाही, मिस्त्रीला लॅपटॉप लावावा लागतो.

खरी मेख पुढे आहे. १८ टन माल रोज मिळतो का? दहा चाकीत ९ टनच भरले तर टनामागचा फायदा जवळजवळ संपतो, आणि परतीचं भाडं नसेल तर उलटा तोटा. हप्ता मात्र मंदीतही चुकत नाही. (व्याजाचा प्रश्न आपल्या घरांत वेगळाच; तो इथे काढत नाही.) ज्यांचं भाडं आसपासच्या बाजारापुरतं आणि अर्ध्या गाडीचं आहे, त्यांनी पंपाचं काम करून जुनीच चालवावी, असं आम्हाला वाटतं. लांबचं, भरल्या गाडीचं काम बांधलेलं असेल तर नवी घ्यावी.

ठरवण्याआधी तीन महिने वही ठेवा. टाकी तोंडापर्यंत भरून किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी पुन्हा तोंडापर्यंत भरून लागलेले लिटर लिहायचे. किलोमीटर, लिटर, भरलेले टन आणि रिकामी आलेली फेरी, असे चार रकाने. वही गाडीत नको, घरी अम्मी किंवा भाभींकडे द्या; तिथे ती नीट राहते.