वीज आली, पण राखणदार कुठाय?



गेल्या आठवड्यात आपण चांगला पासवर्ड कसा असावा याच्या गप्पा मारल्या होत्या, आठवतंय ना? आज पासवर्ड अगदी बरोबर असूनही दाराबाहेर उभं राहावं लागलेल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. चूक कुणाची, ते शेवटपर्यंत लपवून ठेवत नाही. चूक माझीच होती!

एका शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी अधूनमधून मदतीला जातो. तिथे मुलांसाठी लॅपटॉप आहेत आणि वाय-फाय आहे. सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड दिला, तर तो दोन दिवसांत शाळेबाहेरच्या वडापावच्या गाडीपर्यंत पोचतो! म्हणून आम्ही प्रत्येक मुलाला त्याचं स्वतःचं नाव आणि स्वतःचा पासवर्ड दिला होता. पासवर्ड तपासण्याचं काम कोपऱ्यातल्या एका कॉम्प्युटरकडे, म्हणजे सर्व्हरकडे होतं. सगळं कसं छान चाललं होतं.

मग आला जुलैतला एक सोमवार. आदल्या रात्री धो धो पाऊस झाला आणि वीज गेली. यूपीएसनं थोडा वेळ तग धरला, मग त्यानंही मान टाकली. पहाटे वीज परत आली. सकाळी नववीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. पहिल्या बाकावरच्या मुलानं (त्याचं नाव नाही सांगत, त्याला आवडायचं नाही) लॅपटॉप उघडला, नाव टाकलं, पासवर्ड टाकला. जोडणी होईना. पुन्हा टाकला. तरीही नाही.

"पासवर्ड विसरलास ना?" बाई म्हणाल्या.

"नाही हो बाई, बरोबर आहे!"

"मग काय कॉम्प्युटर खोटं बोलतोय?"

सगळा वर्ग हसला. पण दुसऱ्या बाकावरच्या मुलीलाही आत जाता येईना. तिसऱ्यालाही नाही. पाच मिनिटांत हसू बंद झालं आणि माझा फोन वाजला. "अहो, लवकर या. एकाचंही लागत नाहीये!"

मी धावतपळत पोचलो. सर्व्हरचा दिवा लागलेला, पंखा घुं घुं करत होता. वरवर बघणाऱ्याला वाटावं, सगळं झकास आहे. पण पासवर्ड तपासणारा प्रोग्राम मात्र चालूच नव्हता! मी एक कमांड दिली आणि एकेक करून सगळी मुलं आत गेली. परीक्षा पाऊण तास उशिरा सुरू झाली, एवढंच.

आता हे नेमकं काय झालं, ते समजून घेऊया.

तुमच्यापैकी काही जण मोठ्या सोसायटीत राहत असतील. फाटकावर वॉचमन असतो. पाहुणा आला की वॉचमन स्वतः ठरवत नाही. तो इंटरकॉमवरून ऑफिसात विचारतो, "अमुक अमुक आलेत, सोडू का?" ऑफिसात रजिस्टर असतं. तिथून "सोड" असं उत्तर आलं, की फाटक उघडतं.

वाय-फायचंही तसंच आहे. भिंतीवर लावलेली ती पांढरी डबी म्हणजे वॉचमन. तिला मुलांचे पासवर्ड माहीत नसतात. ती सर्व्हरला विचारते. ज्या भाषेत ती विचारते, त्या भाषेचं नाव आहे 'रेडियस'. ही भाषा १९९१ साली अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टन नावाच्या कंपनीनं तयार केली. तेव्हा लोक टेलिफोनची लाइन वापरून इंटरनेटला जोडले जायचे आणि फोन करणारा आपलाच ग्राहक आहे ना, हे तपासावं लागायचं. टेलिफोनची लाइन गेली, वाय-फाय आलं, पण रेडियस टिकून राहिलं. १९९९ साली काही जणांनी ही भाषा बोलणारा 'फ्री-रेडियस' नावाचा प्रोग्राम लिहायला घेतला. तो कुणीही फुकट वापरू शकतं. आमच्या शाळेत तोच होता.

वॉचमननं विचारलं, की रेडियस सर्व्हर साधारण तीन प्रकारची उत्तरं देतो. 'ॲक्सेप्ट' म्हणजे सोड. 'रिजेक्ट' म्हणजे सोडू नकोस. आणि 'चॅलेंज' म्हणजे थांब, त्याला अजून एक प्रश्न विचार. पण ऑफिसात कुणी फोनच उचलला नाही तर? वॉचमन पुन्हा पुन्हा विचारतो आणि शेवटी नाद सोडतो. पाहुणा बिचारा पावसात उभा! एरवी आपण म्हणतो, की गप्प बसणं म्हणजे होकार. इथे उलटं आहे. गप्प बसणं म्हणजे नकार.

आणि खरी गोम इथेच आहे, बरं का! 'पासवर्ड चुकला' आणि 'तपासणाराच जागेवर नाही' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी. पण लॅपटॉपसमोर बसलेल्या मुलाला दोन्हींत एकच दिसतं, की जोडणी झाली नाही. त्यामुळे बाईंना वाटलं, मुलगाच चुकला. मी सर्व्हरची नोंदवही उघडून पाहिली. कुणाला सोडलं, कुणाला नाकारलं, हे लिहून ठेवायला मी त्याला सांगितलेलं होतं. शेवटची ओळ होती शनिवारी दुपारची. सोमवारी सकाळी एकही नोंद नाही. म्हणजे त्या मुलाला कुणी नाकारलंच नव्हतं. त्याचा पासवर्ड कुणी पाहिलाच नव्हता!

मग मी वर्गासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "पासवर्ड याचा बरोबर होता. चूक माझी होती." बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पण पठ्ठ्या एवढ्यावर गप्प बसतोय थोडाच? त्यानं लगेच विचारलं, "काका, पुन्हा रात्री वीज गेली आणि तुम्ही गावाला गेलेले असलात, तर?"

लाखमोलाचा प्रश्न! प्रोग्राम मी हातानं चालू केला होता. वीज गेली की तो पुन्हा झोपणारच होता.

आता कॉम्प्युटर जागा कसा होतो, ते बघा. त्याला 'बूट होणं' म्हणतात. पायातल्या बुटांशी याचा संबंध आहे, हसू नका! बुटाच्या मागे ओढून धरायचा जो पट्टा असतो, त्याला इंग्रजीत बूटस्ट्रॅप म्हणतात. आपलाच पट्टा ओढून स्वतःला वर उचलायचं, अशी ती गमतीची कल्पना. वीज येते, तेव्हा आधी मदरबोर्डवरचा छोटासा प्रोग्राम जागा होतो. तो दुसऱ्याला उठवतो. दुसरा लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, आणून बसवतो. कर्नल एका खास प्रोग्रामला उठवतो आणि त्याला क्रमांक देतो १. हा एक नंबर म्हणजे घरातली आजी समजा. बाकी सगळ्यांना हाका मारून उठवायचं काम तिचं. आजच्या बहुतेक लिनक्समध्ये या आजीचं नाव आहे 'सिस्टिमडी'. २०१० साली ती आली.

नावातल्या शेवटच्या 'डी'चीही एक गंमत आहे. हा 'डी' म्हणजे डीमन. पडद्यामागे गुपचूप काम करत राहणाऱ्या प्रोग्रामला हे नाव १९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत मिळालं. मॅक्सवेल या शास्त्रज्ञानं आपल्या एका विचारप्रयोगात एक काल्पनिक डीमन उभा केला होता. तो न थकता, न दिसता रेणूंची निवड करत बसतो. त्याच्यावरून हे नाव! आमच्या प्रोग्रामचं नावही 'रेडियसडी'च.

तर मग आजीनं रेडियसडीला हाक का मारली नाही? कारण तो घरात आहे, हे तिला मी सांगितलंच नव्हतं! काही लिनक्समध्ये तयार पॅकेज बसवलं, की त्याचं नाव आपोआप यादीत जातं. काहींत ते आपण घालायचं असतं. मी तर प्रोग्राम मूळ कोडपासून स्वतः बांधला होता. मग यादीत नाव कोण घालणार?

त्यासाठी दोन गोष्टी कराव्या लागतात. पहिली, एक छोटी फाइल लिहायची. तिचे तीन भाग. 'युनिट' या भागात हा कोण आहे आणि कुणाच्या नंतर उठायचं, ते लिहायचं. 'सर्व्हिस' या भागात त्याला उठवायचं कसं आणि पडला तर काय करायचं, ते. 'इन्स्टॉल' या भागात कुठल्या यादीत नाव घालायचं, ते. दुसरी गोष्ट म्हणजे कमांड द्यायची: सिस्टिमसीटीएल एनेबल रेडियसडी.

इथे दोन शब्दांची गल्लत करू नका हं! 'स्टार्ट' म्हणजे आत्ता ऊठ. 'एनेबल' म्हणजे रोज सकाळी ऊठ. आईनं हलवून जागं केलं ते स्टार्ट, आणि घड्याळाला गजर लावला ते एनेबल. नुसता गजर लावला म्हणून तुम्ही आत्ता उठत नाही. आणि आज आईनं उठवलं म्हणून उद्या आपोआप जाग येत नाही! कितीतरी महिने मी फक्त स्टार्ट करून खूश होतो.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी फाइल लिहिली, एनेबल केलं. तो मुलगा शेजारी बसून बघत होता. मी म्हटलं, "झालं!"

तो म्हणाला, "कशावरून?"

बरोबर! सर्व्हर बंद करून चालू केल्याशिवाय कसं कळणार? केला. आणि काय सांगू, रेडियसडी उठला आणि लगेच कोसळला! नोंदवहीत कारण लिहिलं होतं. मुलांची नावं आणि पासवर्ड एका डेटाबेसमध्ये होते. तो डेटाबेस त्याच कॉम्प्युटरवर, पण अजून डोळे चोळत होता. रजिस्टरचं कपाटच उघडलं नव्हतं, मग ऑफिस सुरू कसं होणार? मी 'युनिट'मध्ये 'आफ्टर' या शब्दापुढे डेटाबेसचं आणि नेटवर्कचं नाव लिहिलं. म्हणजे आधी ते, मग तू. 'सर्व्हिस'मध्ये अजून एक ओळ घातली, की काही बिघडून पडलास तर पुन्हा ऊठ.

आता खरी परीक्षा. सर्व्हर नीट बंद केला. (चालू सर्व्हरची वायर कधी उपटायची नाही, डेटाबेस बिघडू शकतो!) मग भिंतीवरचं बटण बंद. पाच मिनिटं थांबलो. मग बटण चालू. अट एकच, कीबोर्डला कुणी हात लावायचा नाही. सर्व्हर आपला आपण चालू झाला, कारण वीज आल्यावर चालू व्हायचं हे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये आधीच सांगितलेलं होतं. ती साखळीची पहिली कडी. थोड्या वेळानं मुलानं आपला लॅपटॉप उघडला, नाव टाकलं, पासवर्ड टाकला.

जोडणी झाली! नोंदवहीत नवी ओळ उमटली, तीही त्याच्याच नावाची. ती ओळ त्यानं दोनदा वाचली.

तुम्हाला वाटेल, एका शाळेपुरती ही गोष्ट. पण जगभरातल्या विद्यापीठांमध्ये 'एड्युरोम' नावाची सोय आहे. २००२ साली नेदरलँड्समधून ही कल्पना पुढे आली. आज ती शंभराहून अधिक देश-प्रदेशांत आहे, भारतातही आहे. एका विद्यापीठातला विद्यार्थी दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात गेला, तरी आपलंच नाव आणि आपलाच पासवर्ड वापरतो. तिथला वॉचमन विचारतो, तो प्रश्न एका रेडियस सर्व्हरकडून दुसऱ्याकडे असा प्रवास करत त्याच्या स्वतःच्या विद्यापीठापर्यंत पोचतो. आता विचार करा, इकडे रात्री वीज जाऊन आली आणि सर्व्हरवरचा रेडियसडी उठलाच नाही, तर तिकडे हजारो किलोमीटरवर कुणीतरी आपलाच पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत बसेल. आणि त्याला वाटेल, आपलंच काहीतरी चुकतंय.

आता तुमच्यासाठी काम! पुढच्या वेळी घरची वीज जाऊन आली, की एक यादी करा. कोणत्या वस्तू आपोआप सुरू झाल्या? फ्रिज? पंखा? इंटरनेटचा राउटर? कोणत्या वस्तू हातानं सुरू कराव्या लागल्या? आणि कोणती वस्तू सुरू झालेली दिसली, पण काम मात्र करत नव्हती? ही तिसरी यादी सगळ्यात महत्त्वाची. ती आम्हाला पत्रानं जरूर कळवा.

आणि आईबाबांनो, तुमच्यासाठीही एक गोष्ट. मूल म्हणालं, "पासवर्ड बरोबर आहे", तर त्याला ओरडण्याआधी एकदा राखणदार जागा आहे का, ते बघाल ना?

बराय तर, भेटू पुढच्या आठवड्यात!