टीव्हीवरची अफवाही अफवाच!



16 एप्रिल 2020 च्या रात्री गडचिंचल्यात जमावानं दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर मारला. लॉकडाऊन होता. चोर आले, पोरं पळवणारे आले, अशी अफवा पाड्यापाड्यात फिरत होती. तो खूनच. त्याची बाजू कुणी घेऊ नये.

पण टीव्हीनं काय केलं? काही चॅनेलांनी स्टुडिओत बसून त्याला हिंदू-मुसलमान रंग दिला. रिपब्लिक टीव्हीवर अर्णब गोस्वामी थेट सोनिया गांधींना जाब विचारत होते. शेवटी गृहमंत्री अनिल देशमुखांना अटकेतल्या 101 जणांची यादी जाहीर करावी लागली. त्यात एकही मुसलमान नव्हता.

हा रंग कशासाठी? राजकारणासाठी. अफवेनं माणसं मेली, ही खरी गोष्ट त्यांच्या कामाची नव्हती. वनहक्क कायदा 2006 चा. आपले दावे अजून पडून आहेत, त्यावर कुठलं चॅनेल रात्रभर ओरडलं?

पाड्यावरची अफवा माणूस मारते, टीव्हीवरची अख्ख्या समाजाला बदनाम करते. दोन्ही तपासल्याशिवाय मानू नका. कॅमेरा आला तर ग्रामसभेत बसवा, सगळ्यांसमोर बोला. दाव्यांचे कागदही दाखवा.

जिंदाबाद!