रोबोटिक्सचे शिक्षण : संच आले, शिक्षकांचे काय?

चेन्नईच्या दक्षिणेस, जुन्या महाबलीपुरम मार्गावरील सिरुसेरी हे गाव आज तेथील माहिती तंत्रज्ञान उद्यानामुळे देशभर ओळखले जाते. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीचे विस्तीर्ण संकुल येथे आहे. जुलै २०२५ मध्ये या कंपनीने आपल्या एकूण मनुष्यबळापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचा निर्णय जाहीर केला. कृत्रिम बुद्धिमत्ता हे त्याचे कारण नसून कौशल्ये आणि गरजा यांचा मेळ बसत नाही, असे कंपनीने सांगितले. कारण कोणतेही असो, संगणकाचे शिक्षण म्हणजे आयुष्यभराच्या नोकरीची हमी हा मध्यमवर्गाचा विश्वास त्यामुळे डळमळीत झाला. मुलांना रोबोटिक्स कशासाठी शिकवायचे, या प्रश्नाचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागेल.

सरकारी पातळीवर या विषयाला वेग आला आहे. नीती आयोगाने २०१६ मध्ये सुरू केलेल्या योजनेतून सुमारे दहा हजार शाळांमध्ये अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. प्रत्येक शाळेसाठी वीस लाख रुपयांपर्यंतच्या अनुदानाची त्यात तरतूद आहे. पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी पन्नास हजार प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा २०२५ च्या अर्थसंकल्पात करण्यात आली. केरळने २०२५-२६ पासून दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांसाठी रोबोटिक्सचा अभ्यास सुरू केला.

या विषयाचे शैक्षणिक मोल समजून घेण्यासाठी एक साधे उदाहरण पुरेसे आहे. पांढऱ्या कागदावरील काळ्या रेषेवरून चालणारी छोटी गाडी बहुतेक वर्गांत बनवली जाते. रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक सेन्सर असतो. पांढरा पृष्ठभाग प्रकाश परावर्तित करतो, काळा शोषून घेतो. डाव्या सेन्सरखाली काळे आले, तर गाडी उजवीकडे सरकली आहे असे समजून डावे चाक मंद करायचे. कागदावर हे सोपे वाटते. प्रत्यक्षात गाडी डोलते, वळणावर रेषा सोडते, बॅटरी उतरली की वेगळीच वागते. मग चूक सूचनेत आहे, जोडणीत आहे की सेन्सरच्या उंचीत, हे मुलाला एकेक शक्यता तपासून शोधावे लागते. परीक्षेत चुकीच्या उत्तराला शून्य गुण मिळतात. येथे चूक ही पुढच्या प्रयत्नाची सुरुवात ठरते.

गणितज्ञ सेमूर पॅपर्ट यांनी नेमका हाच विचार मांडला होता. त्यांच्या सहभागातून १९६७ मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार झाली आणि तिच्या सूचनांवर जमिनीवर फिरणारे यांत्रिक कासव पुढे प्रसिद्ध झाले. मूल यंत्राला शिकवताना स्वतःच्या विचारप्रक्रियेकडे पाहू लागते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथून पुढे आलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातील एक दिवस हाताने काम करतात. लोखंडकाम, वीजजोडणी, शेती, अन्नप्रक्रिया शिकतात. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीबाहेर उभ्या राहिलेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक याच खेड्यात आली. महागडी यंत्रे येण्यापूर्वी तेथे सुमारे दोन दशके काम करून शिकण्याची परंपरा रुजली होती, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

आजच्या धोरणापुढील खरी अडचण येथेच आहे. संच खरेदी करता येतो, पण मुलाला उत्तर न सांगता अर्धा तास चुकू देणारा शिक्षक खरेदी करता येत नाही. मोटार जळाली तर जबाबदारी कोणाची, या धास्तीने साहित्य कपाटात राहिले, किंवा पुस्तिकेतील पायऱ्या गिरवून सर्वांनी एकच गाडी बनवली, तर रोबोटिक्स हाही पाठांतराचाच विषय होईल. दुसरीकडे खासगी वर्गांचा बाजार वाढतो आहे. लहान मुलांना कोट्यवधींच्या नोकऱ्यांची स्वप्ने दाखवणाऱ्या कोडिंग वर्गांच्या जाहिराती २०२० मध्ये वादग्रस्त ठरल्या होत्या. शाळेने हा विषय नीट शिकवला नाही, तर तो शुल्क भरू शकणाऱ्यांपुरताच उरेल.

शिक्षकांचे प्रशिक्षण, साहित्याच्या दुरुस्तीसाठी दरवर्षी निधी आणि वेळापत्रकात सलग दोन तास, या तीन गोष्टींची तरतूद संचांच्या खरेदीइतकीच आवश्यक आहे. सिरुसेरीतच २००५ पासून चेन्नई गणितीय संस्था आहे. तिच्या कामाचा पाया फळ्यावर चालणारा तर्क आणि सिद्धता हाच आहे. साधने वेगळी असली, तरी उत्तर का बरोबर आहे हे विचारण्याची सवय दोन्हीकडे सारखीच लागते. शाळेत वापरलेला संच काही वर्षांत जुना होईल. ही सवय मात्र ज्या मुलाला लागली, त्याला नोकरीचे स्वरूप बदलले तरी ती उपयोगी पडेल.