दशम्या कोणी लाटायच्या?

पेंटेकोस्टच्या सुट्टीआधीचा शुक्रवार, रात्रीचे साडेअकरा. म्युनिकच्या एका उपनगरात तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराचा दिवा अजून चालू आहे. ओट्यावर कागद पसरून बावीस दशम्या गार व्हायला ठेवल्यात. वाफ धरून ओल्या होऊ नयेत म्हणून सुट्या सुट्या. शेजारी लसणाच्या चटणीची बाटली, मेतकुटाचा डबा आणि छोटा राइस कुकर. त्याची वायर मागच्या सहलीत घरीच राहिली होती, म्हणून ती संध्याकाळीच बॅगेत गेली आहे. एका हाताने तव्यावरची शेवटची दशमी उलटत दुसऱ्या हाताने फोनवर स्विस हायवेचा व्हिन्येट काढणं चाललंय. चार दिवस जायचं असलं तरी तो वर्षभराचाच घ्यावा लागतो, ४० फ्रँकचा.

घरचे बाबा झोपलेत. त्यात त्यांची काही चूक नाही, पहाटे पाचला निघून इंटरलाकेनपर्यंत गाडी त्यांनाच चालवायची आहे. दशम्या लाटणारी उद्या शेजारी बसून रस्ता सांगेल, मागे वळून डबे उघडेल, गाडी लागलेल्या धाकटीच्या तोंडासमोर वेळेवर पिशवी धरेल. आणि कोणी विचारलंच तर सांगेल, ‘मी काय, नुसती बसून होते.’

अशी एक बाई दाखवा म्हटलं, तर इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत दहा सापडतील. म्हणून तिला इथे नाव दिलेलं नाही.

परदेशातल्या मराठी घरात सहलीला एक वेगळंच वजन आलं आहे. आईवडिलांना, भावंडांना सोडून इतक्या लांब येऊन नेमकं काय मिळवलं, याचं दाखवता येण्याजोगं उत्तर म्हणजे बर्फातला फोटो. पगार दाखवता येत नाही, आठ महिने थांबून मिळालेली किटातली, म्हणजे पाळणाघरातली, जागा दाखवण्यात अर्थ नाही, पण युंगफ्राऊयोखचा ३४५४ मीटरचा आकडा पाठीमागे घेऊन उभं राहता येतं. फोटो घरच्या ग्रुपवर पडला की मावशीचा फोन येतो, ‘मजा आहे बाई तुझी.’ सगळा घोटाळा या वाक्यात आहे. घरातली जी व्यक्ती सहलीत सर्वांत जास्त राबते, तिच्याच खात्यावर सगळी मजा जमा होते. तेव्हा थेटच म्हणायचं तर परदेशातल्या आईची सहल ही तिची सुट्टी नाही, तिच्या कामाची ती एक जादा पाळी आहे. आणि ही पाळी वाटून घेता येते.

आधी काम किती, ते पाहू. जर्मनीत मुलांची शाळेतली हजेरी कायद्याने सक्तीची आहे. विमानाचं तिकीट दोन दिवस आधी स्वस्त मिळतं, हे रजेचं कारण होऊ शकत नाही. २०१८ मध्ये याच पेंटेकोस्टच्या सुट्टीआधी बव्हेरियातल्या मेमिंगनच्या विमानतळावर पोलिसांनी शाळा बुडवून निघालेली काही कुटुंबं हेरली आणि देशभर त्याची बातमी झाली. त्यामुळे प्रवासाची सुरुवात शाळेच्या कॅलेंडरपासून होते, आणि ते कॅलेंडर फ्रिजवर चिकटवणारा हात बहुतेक घरांत एकच असतो. बव्हेरियाची उन्हाळी सुट्टी ऑगस्टच्या सुरुवातीला लागते आणि सप्टेंबरच्या मध्याला संपते. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, आणि शाळा उघडणार १५ ला. पुण्यात गणपती बसवून परत कसं यायचं, हे कोडं कोणत्या घरात कोण सोडवत बसलं होतं ते आठवून पाहा.

मग कागदपत्रं. लहान मुलाचा भारतीय पासपोर्ट पाच वर्षांचा, त्याचं इथल्या वास्तव्याचं कार्ड वेगळं, आणि पासपोर्ट बदलला की कार्डाचं काम मागोमाग आलंच. चार माणसांचे चार पासपोर्ट, चार कार्डं, आठ तारखा. या आठ तारखा घरात एका डोक्यात असतात. जर्मनीच्या कार्डावर शेंगेनमध्ये फिरता येतं, पण लंडनच्या मामेभावाकडे जायचं तर वेगळा व्हिसा लागतो. हेही त्याच डोक्यात. ती एकटीच मुलांना घेऊन निघाली, तर सीमेवर कोणी विचारलं तर असू द्यावं म्हणून नवऱ्याच्या संमतीचं सहीचं पत्र पर्समध्ये. तोच एकटा मुलांना घेऊन निघाला तर तिच्या संमतीचं पत्र कोण तयार करतं? तेही तीच.

रेल्वेची परीक्षा तर कुठल्याही घरात घ्यावी अशी. लांब पल्ल्याच्या गाडीत सहा ते चौदा वर्षांचं मूल आईबापांबरोबर फुकट जातं, पण तिकीट काढतानाच त्यावर त्याची नोंद हवी. डॉइचलांड-टिकेटवर, म्हणजे २०२३ च्या मे महिन्यात ४९ युरोला सुरू झालेल्या आणि २०२६ च्या जानेवारीपासून ६३ युरो झालेल्या पासावर, सहा वर्षांचं मूल बरोबर नेता येत नाही. बायर्न-टिकेटवर नेता येतं, मात्र कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतरच चालतं. ही तीन वाक्यं घरात कोणाला पाठ आहेत?

यावर नेहमीचं उत्तर येतं, ‘तिला हौस आहे.’ हे उत्तर सरसकट खोटं नाही. नव्या गावाचा नकाशा उघडून बसण्यात, दोन रेल्वेंचा मेळ जमवण्यात खरोखर आनंद असतो, आणि कित्येक जणींना तो मनापासून मिळतो. दशम्यांनाही कारण आहे. डोंगरावरच्या उपाहारगृहात शाकाहारी माणसाच्या वाट्याला चीज आणि पाव येतो, तो तिसऱ्या दिवशी मुलांच्या घशाखाली उतरत नाही, आणि चौघांचं बिल स्वित्झर्लंडमध्ये पोटापेक्षा डोळ्यांत जास्त भरतं. पण हौस आणि जबाबदारी यांत एक साधा फरक आहे. हौस एखाद्या वर्षी सोडून देता येते. ‘यंदा मला कंटाळा आलाय, मी काही ठरवणार नाही,’ असं ती म्हणाली तर घर सहलीला जाईल का? बहुतेक घरांत ते जाणार नाही, आणि ऑगस्टमध्ये मुलं विचारतील, ‘आई, आपण कुठेच कसं गेलो नाही?’

आकडे दोन्ही देशांचे आहेत. जर्मनीच्या सांख्यिकी कार्यालयाच्या २०२२ च्या वेळ-वापर पाहणीत स्त्रियांचं बिनपगारी काम पुरुषांपेक्षा रोज सरासरी ७९ मिनिटांनी जास्त भरलं. भारताच्या २०२४ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला २८९ मिनिटं वेळ जातो, तर करणाऱ्या पुरुषांचा ८८. मराठी कुटुंब विमानात बसतं तेव्हा यातली पहिली सवय इथे मिळते, दुसरी सामानात येते. तिकडे निदान पोळीवाल्या काकू, शाळेच्या रिक्षाचे काका आणि वरच्या मजल्यावरची आजी असते. इथे प्राथमिक शाळा दुपारी सुटते, पुढे होर्टमध्ये, म्हणजे शाळेनंतरच्या पाळणाघरात, जागा मिळाली तर मिळाली. म्हणून जर्मनीतल्या सुमारे दोन-तृतीयांश नोकरदार आया अर्धवेळ काम करतात. तिची नोकरी अर्धवेळ असली की सगळं कसं गोडीत सरकत जातं, ‘तुला वेळ असतो, तूच बघ ना बुकिंग.’

आजी-आजोबा येतात तो काळ तर वेगळ्याच लेखाचा विषय आहे. त्यांना १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, बहुतेकदा यजमानाचं हमीपत्र लागतं. सामानात तूप आणि पेढे आणू नका, बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपीय संघात आणता येत नाहीत, हे फोनवर चारदा सांगावं लागतं आणि तरीही बरणी निघते. मग त्या ९० दिवसांत त्यांना ‘युरोप दाखवायचा’ असतो. त्यांचे गुडघे, गोळ्यांच्या वेळा आणि दर दीड तासाला लागणारं स्वच्छतागृह धरून आखणी करायची. नॉयश्वानस्टाइनचा किल्ला तर दर खेपेला ठरलेला. तिकिटावर वेळ छापलेली, पायथ्यापासून अर्धा-पाऊण तासाची चढण, आत अर्ध्या तासाचा फेरफटका आणि फोटो काढायला बंदी. फोटो नाही म्हटल्यावर आजोबांचा निम्मा उत्साह तिथेच मावळतो. चौथ्यांदा गेलेल्या सुनेला तिथल्या पायऱ्या पाठ असतात. हा किल्ला बांधणाऱ्या लुडविग राजाचे महाल २०२५ च्या जुलैमध्ये जागतिक वारसा यादीत आले. त्याच महिन्यात, पॅरिसच्या त्याच अधिवेशनात, मराठ्यांचे बारा किल्लेही त्या यादीत गेले. रायगड, राजगड, शिवनेरीसह अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. नॉयश्वानस्टाइन चारदा पाहिलेल्या नातवाने यातला एकही पाहिलेला नसतो, कारण भारतातली सुट्टी नातेवाइकांच्या जेवणावळींत संपते आणि तिथेही भेटींचं वेळापत्रक सांभाळणारी तीच असते.

मराठीत परदेश पाहून लिहिणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी एक, पंडिता रमाबाई, १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या तेव्हा दोन वर्षांची मनोरमा बरोबर होती. प्रवासाची हकीकत त्यांनी त्याच वर्षी लिहिली, ‘इंग्लंडचा प्रवास’. पुढे चेल्टनमच्या मुलींच्या कॉलेजात त्यांनी संस्कृत शिकवलं. अलीकडच्या काळात मीना प्रभूंनी लंडनमध्ये राहून, डॉक्टरकी सांभाळून जगभरची प्रवासवर्णनं लिहिली. बाईला पाहायला आणि लिहायला वेळ मिळाला की काय होतं, त्याचे हे दोन दाखले. आता मंडळाचे जुने अंक काढा आणि प्रवासाचे लेख कोणाच्या नावावर आहेत ते बघा. ‘आम्ही मग नाश्ता करून निघालो’ असं वाक्य आलं की थांबून विचारा, तो नाश्ता कुठून आला?

उपाय फार अवघड नाहीत. एक अगदी जवळचा, जर्मनीचाच. रिशार्ड शिरमान नावाच्या शिक्षकाला १९०९ मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन पायी हिंडताना युवक-निवासांची कल्पना सुचली, आणि पुढे काही वर्षांत आल्टेनाच्या गढीत पहिलं कायमचं निवास उभं राहिलं. अशा निवासांना आज युगेंडहेर्बेर्गं म्हणतात. तिथे कुटुंबांना खोल्या मिळतात आणि नाश्ता असतो. चादर आणि उशीचा अभ्रा हातात देतात, घालायचा आपापला. जेवण झालं की ट्रे आपला आपण नेऊन ठेवायचा. आठ वर्षांचा मुलगा वरच्या बंकवर गुडघे टेकून चादरीचे कोपरे खोचतोय, खालच्या बंकवर त्याचा बाप अभ्र्यात उशी कोंबताना घामाघूम होतोय आणि आई खिडकीशी काहीही न करता उभी आहे, हे दृश्य चार तारे मिरवणाऱ्या हॉटेलात दिसत नाही. हॉटेलात बापलेक पसारा करतात आणि ‘खोली आवरायला येणाऱ्यांना काय वाटेल’ म्हणून तो तीच आवरते.

दुसरा उपाय आकार लहान करण्याचा. नऊ दिवसांत सात देश हा प्रकार बस कंपनीला शोभतो, पोरंबाळं असलेल्या घराला नाही. बायर्न-टिकेट साल्झबुर्गपर्यंत चालतं. देश बदलतो, नदी-किल्ला दिसतो, संध्याकाळी माणूस घरी येतो. असली एक दिवसाची सहल दहा वर्षांचं मूलसुद्धा आखू शकतं. गाडी चुकली तर चुकू दे, पुढच्या गाडीची वेळ तेच शोधेल.

तिसरा उपाय बाबांसाठी आहे. वर्षातली एक सहल पूर्ण त्यांनी करायची. पूर्ण म्हणजे ‘तू यादी दे, मी आणतो’ असं नव्हे. यादी करणं हेच मोठं काम आहे. शाळेची तारीख, तिकिटावर मुलांची नोंद, धाकटीचं उलटीचं औषध, पावसाळी कोट, कुकरची वायर, सगळं. काही विसरतील. विसरू द्यावं, आणि बायकांनीही तेवढ्या वेळी मागून हळूच वायर बॅगेत सरकवू नये. ही सवय सोडणं दशम्या लाटण्यापेक्षा कठीण आहे, हे मान्य.

आणि सुरुवात मंडळानेच करावी. उन्हाळी सहलीच्या पत्रकात ‘खाण्याची व्यवस्था’ या ओळीपुढे दरवर्षी सगळी बायकांची नावं असतात आणि ‘बस व हिशेब’ या ओळीपुढे पुरुषांची. यंदा कार्यकारिणीने त्या दोन ओळींची अदलाबदल करावी, एवढीच विनंती आहे. कोणाला दशमी येत नसेल तर कृती सोपी आहे. दोन वाट्या कणीक, चवीपुरतं मीठ, चमचाभर तेल. पाणी अजिबात नाही, कोमट दुधात घट्ट भिजवायची आणि वीस मिनिटं झाकून ठेवायची. पोळीपेक्षा जाड लाटायची, मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजायची, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायची नाही.